दवाने भरलेली टाकी

उथळसर, ठाणे
९ मे १९५४

प्रिय विश्रामराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, मी पाण्याच्या बाबतीत स्वतंत्र होण्याचे ठरविले आहे.

देश स्वतंत्र होऊन सात वर्षे होत आली, तरी माझे कुटुंब अद्याप शेजारच्या मॉरिसच्या विहिरीवर अवलंबून आहे, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस खटकत होती. गेल्या आठवड्यात तिला तोंड फुटले. त्याच्या विहिरीत चिंचेचा पाला पडतो, म्हणून केवळ सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मी लाल औषधाची पुडी आणून तीत टाकली. पाणी दोन दिवस जांभळे राहिले, एवढाच काय तो प्रकार. मी त्याची बायको थेरेसाबाई व आमची सुमती यांना काठावर उभे करून जंतूंची माहिती देत होतो, तोच मॉरिस वाडीतून दुधी घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, पानी पायजे तवरं भरा, पन माझ्या बावीला शालेत नका घालू." बाव म्हणजे विहीर. कचेरीत हेडक्लार्क म्हणून माझ्या शब्दावर फायली हलतात, आणि येथे एक भाजीवाला मला तोंड मिटायला सांगतो.

योजना अशी. आपल्या मंगलोरी कौलांवर पडणारे पाणी पत्र्याच्या पन्हळीतून परसात आणावयाचे. तेथे वाळू व कोळसा भरलेले एक पिंप. त्यातून गाळले जाऊन पाणी खालच्या विटांच्या टाकीत. टाकीला तोटी. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवावयाचा. गवंडी लावणार नाही. स्वावलंबनाची टाकी दुसऱ्याच्या हातून बांधून घेणे हे तत्त्वाशी विसंगत होईल. तुमचे मत कळवावे, अर्थात काम सुरू झालेले आहे.

आपला,
गुरुदत्त

ता. क. उरलेल्या जागेत मी. दादा, विटा यांनी आणल्या. म्हणजे रस्त्यापर्यंत. रस्त्यापासून परसापर्यंत मी. बाकी सर्व क्षेम. — सुमती


डोंबिवली
१५ मे १९५४

प्रिय गुरुदत्तराव,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र स्टेशनात तिकीटखिडकीवरच वाचले, त्यामुळे कल्याणच्या एका गृहस्थांना मी अंबरनाथचे तिकीट दिले. ते परत येऊन बरेच काही बोलून गेले. दोष तुमच्या पत्राचा आहे.

योजना उत्तम आहे. पाऊस फुकट येतो आणि फुकट जातो, त्याला घरात थांबवून घ्यावे हे कुणालाही पटेल. फक्त टाकी बांधणे आणि टिपण बांधणे यांत थोडा फरक असावा असे मला वाटते. टिपणात फट राहिली तर वरचा साहेब शेरा मारतो. टाकीत फट राहिली तर शेरा मारायला पाणी थांबत नाही. माझ्या ओळखीचा एक चांगला गवंडी आहे, चुना-सिमेंट त्याच्या हाताखालून गेलेले आहे. तत्त्वाला धक्का लागणार नसेल तर पाठवतो. हवे तर तो तुमच्या नावाने बांधील.

मॉरिसचे मनावर घेऊ नका. माझी विहीर कुणी जांभळी केली असती तर मी दुधी हातात घेऊन नुसता बोललो नसतो.

सुमतीला आशीर्वाद. तिने विटा डोक्यावरून आणू नयेत असे माझे मत आहे, ते तुमच्या मार्फत कळवतो.

आपला,
विश्राम


उथळसर, ठाणे
२२ ऑगस्ट १९५४

प्रिय विश्रामराव यांस,
सप्रेम नमस्कार.

टाकी काठोकाठ भरली. तुमचा गवंडी तुमच्याकडेच असू द्या.

पंधरा तारखेस सकाळी झेंडावंदन करून आलो आणि गल्लीतील मंडळींच्या समक्ष तोटी सोडली. कचेरीतील सहकारी आले होते. मी अर्धा तास बोललो. मंडळी भिजली, पण एकही उठला नाही, कारण बसावयाची सोय नव्हती. पाणी सर्वांनी चाखले. थोडा कोळशाचा वास येतो, तो शुद्धतेचा आहे.

त्याच वेळी मी प्रतिज्ञा केली की, आजपासून मॉरिसच्या विहिरीचा थेंबही माझ्या घरच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. सुमतीच्या वतीनेही मीच केली. ती त्या वेळी चहा करीत होती. थेरेसाबाई कुंपणाच्या भिंतीपलीकडून पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला पश्चात्ताप दिसला.

रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी टाकीत काठी घालून पाणी मोजतो. आता मोजण्यासारखे काही नाही, कारण रोज पाऊस आहे. पण सवय असावी. लोक मला टाकीवाले म्हणू लागले आहेत.

आपला,
गुरुदत्त


उथळसर, ठाणे
३१ ऑक्टोबर १९५४

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी एकटीच लिहिते आहे. यांना कळू द्यायचं नाही, म्हणून उत्तर थेरेसाच्या पत्त्यावर पाठव. पोस्टमनला काही वाटत नाही, तो तिथे कॉफी पितो.

दादा, टाकी गळते.

पाऊस होता तोवर कळलं नाही, कारण जेवढं जायचं त्याहून जास्त वरून यायचं. पाऊस थांबला आणि टाकीच्या पायथ्याशी लावलेला अळू एकदम माजला. पान म्हणजे केवढं, मूल झाकावं एवढं. हे म्हणाले, बघ, टाकीच्या सान्निध्यात झाडंसुद्धा सुधारली. मी खाली हात घातला तर चिखल. दिवाळीच्या आधीच तोटीतून नुसता फुसकारा यायला लागला.

आता काय करायचं सांग. विहिरीचं पाणी उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. टाकीत पाणी नाही. सार्वजनिक नळ तिकडे चरईत, तिथली रांग बघून माणसाला तहान लागते. मी थेरेसाच्या ओट्यावर बसून रडले. ती म्हणाली, "पिंप हाय ना वर? त्यात वोत. मग तोटीतून काढ. मग कोन बोलंल?"

तेव्हापासून ती भिंतीवरून हंडा देते, मी स्टुलावर उभी राहून पिंपात ओतते. मॉरिसच्या विहिरीचं पाणी वाळूतून, कोळशातून खाली उतरतं आणि स्वावलंबी होऊन तोटीतून बाहेर येतं. उंबरा ओलांडत नाही, परसातूनच येतं. प्रतिज्ञा मोडलेली नाही.

हे पहाटे करावं लागतं. हे परसात येऊ नयेत म्हणून मी यांना सांगितलं आहे की मी व्रत धरलं आहे, पहाटे सोवळ्यात असते, मागच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. सोवळं म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही. थेरेसाला हे सांगितलं तर ती इतकी हसली की हंडा निसटला. म्हणाली, तुझा सोवला नि माझा हंडा.

पाठीत मात्र चमक भरते. आधी विहिरीवरून घरात आणत होते, आता स्टुलावर चढून आणते. एवढाच स्वावलंबनाचा फरक.

तुझी,
सुमती


डोंबिवली
७ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. सुमतीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून आधी हसलो, मग तुझी पाठ आठवली आणि हसू गेले. त्यांना सांग बाई. टाकी गळते यात लाज कसली. आमच्या स्टेशनाचे छप्पर गळते आणि त्याखाली मी सरकारचा पगार घेतो. एक फट बुजवायला किती वेळ लागतो. तू सांगत नसशील तर मी सांगू का, तेवढे लिही.

दादा


उथळसर, ठाणे
१६ जानेवारी १९५५

प्रिय विश्रामराव यांस,
तिळगूळ घ्या, गोड बोला.

एक महत्त्वाची गोष्ट कळवितो, ती तूर्त आपल्यातच ठेवावी, कारण मी ती वर्तमानपत्राकडे पाठविली आहे.

माझी टाकी पाऊस नसताना भरते.

मी स्वतः काठीने मोजले आहे. मंगळवारी संध्याकाळी होते त्यापेक्षा बुधवारी चार बोटे पाणी अधिक. गुरुवारी आणखी दोन. आकाश निरभ्र. सकाळी मी कौलांना हात लावून पाहिला, कौले ओली. तेव्हा उलगडा झाला. दव. थंडीत रात्रभर कौलांवर दव पडते, पन्हळीतून ओघळते व टाकीत जमा होते. आजवर हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, याचे कारण आजवर कोणी रोज काठी घातली नाही. मी या पद्धतीस 'दवसंचय' असे नाव दिले आहे.

सुमतीने हल्ली पहाटेचे काहीसे व्रत धरले आहे. सोवळ्यात असते. मी सुधारक मताचा असलो तरी स्त्रियांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करीत नाही. मात्र तिची सारखी तक्रार असते की पाठ दुखते. मी तिला सांगितले, घरात तोटी आली, आता पाठ दुखावयाचे कारण काय?

डोंबिवलीत तुमच्या ओळखीने दवसंचयावर माझे एखादे व्याख्यान ठेवता आले तर पाहावे. मानधन नको. जाण्यायेण्याची व्यवस्था तुमच्या खात्याकडूनच होईल.

आपला,
गुरुदत्त


डोंबिवली
२१ जानेवारी १९५५

प्रिय गुरुदत्तराव,
सा. न. वि. वि.

दवाचे वाचून थक्क झालो. आमच्या कौलांवरही दव पडते, पण ते सकाळी नीलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, खाली ठेवलेल्या बादलीत वाटीभरही उतरत नाही. आमचे दव आळशी असावे. की ठाण्याच्या दवाला पहाटे कुणी मदत करत असेल?

व्याख्यानाचे बघतो. येथील वाचनालयात सध्या एका गृहस्थांचे 'मौनाचे महत्त्व' या विषयावर पाच दिवस भाषण चालू आहे, ते संपले की विचारतो.

एक सुचवतो. शास्त्रीय कामात खात्री दोन्ही बाजूंनी करावी. संध्याकाळी काठी घालता, तशी एकदा पहाटेही घालून पाहा.

आपला,
विश्राम


उथळसर, ठाणे
६ मार्च १९५५

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

पहाटे काठी घालायचं तू कशाला सुचवलंस? सुदैवानं हे म्हणाले की पहाटे परसात सुमतीचं सोवळं असतं आणि दवाला घाई नसते.

तुला उत्तर द्यायला उशीर केला. सांगू का म्हणून विचारलं होतंस. नको. का ते सांगते. गेल्या वर्षी यांच्या हाताखालच्या माणसाला यांच्या डोक्यावर बसवलं. हे महिनाभर जेवताना ताटाकडेच बघायचे. टाकी झाली आणि हा माणूस संध्याकाळी शीळ घालत घरी यायला लागला. लग्न झाल्यापासून मी यांची शीळ ऐकली नव्हती. मला ती ऐकायला आवडते, दादा. दोन हंडे जास्त ओतले तर काय झालं, असं वाटायचं. ते चार बोटं पाणी वाढलं ना, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून मी आणि थेरेसानं जास्त भरून ठेवलं होतं. त्याचं यांनी दव केलं.

पण आता गोष्ट हातातून चालली आहे. मुंबईचा कुणी शेठ मॉरिसची वाडी विकत मागतो आहे, लाकडाच्या वखारीसाठी. विहीर बुजवूनच जागा हवी म्हणतो. आजूबाजूच्या कुणाची हरकत नको म्हणून त्यानं विचारलं, तर यांनी आपण होऊन लिहून दिलं की सदर विहिरीची या भागात कोणासही गरज उरलेली नाही, सबब ती बुजविण्यास हरकत नसावी. खाली सही, आणि सहीखाली 'दवसंचयाचे प्रवर्तक'.

मॉरिसला ते फार लागलं. त्याच्या आजानं खणलेली विहीर आहे. पैसे त्याला हवेत, पण विहिरीचा कोपरा ठेवूनही शेठ बाकीची वाडी घेईल. थेरेसानं त्याला सगळं सांगितलं, माझ्या पाठीसकट. तो म्हणाला, "सायबानं सोताच्या तोंडानी पानी मांगावं. मांगलं त मी बाव ठेवीन. नय त ईस्टर झाल्यावर पयल्या रविवारी कागद."

विहीर गेली तर मला रोज चरईच्या नळावरून पाणी आणावं लागेल. एवढी वाट भरल्या हंड्यानं मला होणार नाही. खरं सांगते, मला भीती वाटते. आणि खरं सांगितलं तर शीळ बंद होईल, त्याचीही वाटते. काय करू?

सुमती


डोंबिवली
९ मार्च १९५५

चि. सौ. सुमतीस,
आशीर्वाद.

काही करू नकोस. म्हणजे खरोखरच काही करू नकोस. ओतणे बंद कर. जे तू सांगू शकत नाहीस ते टाकीला सांगू दे. शिळेचे नंतर पाहू, माणूस पाणी पिऊन शीळ घालतो.

दादा


उथळसर, ठाणे
३ एप्रिल १९५५

प्रिय विश्रामराव यांस,
सप्रेम नमस्कार.

अत्यंत खेदाने कळवितो की माझ्या टाकीतील पाण्याची चोरी होत आहे.

गेल्या महिन्यात पाणी एकाएकी उतरू लागले. प्रथम मला वाटले थंडी संपली, दव कमी झाले. परंतु चार दिवसांत टाकी कोरडी? दव इतके कृतघ्न नसते. घरात भरून ठेवलेल्या पाण्यावर मी काटकसर सुरू केली. अर्ध्या तांब्यात स्नान, दाढी एक दिवसाआड. कचेरीत लोक मला बरे नाही का म्हणून विचारू लागले. आणि आता पाहतो तो टाकीत पुन्हा थोडेथोडे पाणी दिसते आहे. म्हणजे चोराला माझा संशय आला असून तो सावधपणे चोरी करीत आहे.

चोर कोण हे सांगावयास नको. विहीर विकावयास काढली, तेव्हा पुढची सोय म्हणून भिंतीवरून माझ्या पाण्यावर डोळा. माणूस किती खाली जातो पाहा.

ईस्टरची गडबड उरकली की एके पहाटे मी न्हाणीघरात छत्री घेऊन दबा धरून बसणार आहे. सुमतीस कळवू नये, ती घाबरेल. तिच्या सोवळ्यास बाध येऊ नये म्हणून मी स्नान करून बसेन.

आपला,
गुरुदत्त


उथळसर, ठाणे
१८ एप्रिल १९५५

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

हे न्हाणीघरात बसणार ते तुला माहीत होतं. यांनीच सांगितलं, विश्रामरावांना कळवलं होतं म्हणून. तू मला एक ओळ लिहिली नाहीस. त्याबद्दल भेटीत बोलेन.

तुझं ऐकून मी ओतणं बंद केलं होतं. टाकी बोलली, पण यांना भलतंच ऐकू आलं. अर्ध्या तांब्यात अंघोळ करून, गालांवर खुंट वाढवून हा माणूस कचेरीत जायला निघाला ना, की मला बघवेना. आठवडाभरही तग धरला नाही. पुन्हा ओतायला लागले, फक्त थोडं थोडं.

गुरुवारी पहाटे मी स्टुलावर, थेरेसा भिंतीपलीकडे, हंडा दोघींच्या हातांत, आणि न्हाणीघराचं दार उघडलं. हे छत्री उगारून बाहेर. चोर म्हणजे पाणी नेणारा, एवढंच यांच्या डोक्यात. इथे दोन चोर पाणी भरत होते. छत्री वरच्या वर राहिली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "शिवू नका, सोवळ्यात आहे." थेरेसा म्हणाली, "सायेब, छत्री मिटा. पाऊस नाय."

यांनी विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधीपासून."

यांनी खाली बसून अळूच्या मुळाशी बोट घातलं, चिखल बघितला, धोतराला पुसला आणि न जेवता कचेरीत गेले. तीन दिवस घरात शब्द नाही. मी समजले, शीळ गेली आणि विहीरही गेली. मला इतका राग आला होता की मी यांना एकदाही जेवायला बोलावलं नाही, नुसतं ताट वाढत होते.

काल रविवार. मॉरिसच्या अंगणात शेठ आला, त्याचा कारकून आला, टेबल मांडलं. हे कोट-टोपी घालून निघाले. मला वाटलं, साक्षीदार म्हणून सही करायला चालले. मी मागोमाग गेले. सगळ्यांसमोर ओरडेन असं ठरवून गेले होते, कधी ओरडले नाही तरी.

यांनी शेठच्या हातातून आपला तो कागद मागून घेतला, खिशात घातला आणि मॉरिससमोर उभे राहिले. बराच वेळ घसा साफ केला. मला वाटलं आता अर्धा तास भाषण. पण एवढंच म्हणाले, "मॉरिस, विहीर ठेवा. आम्हाला पाणी लागतं."

मॉरिस काही लगेच विरघळला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "कित्ती लागतं सायेब, रोजचं?"

दादा, या माणसानं सात-आठ महिने रोज संध्याकाळी काठी घालून पाणी मोजलं. बोटाबोटाचा हिशेब ठेवला, व्याख्यानं ठरवली. शेठचा कारकूनसुद्धा लेखणी धरून थांबला. मग माझ्याकडे वळले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "सुमती, आपल्याला किती गं लागतं?"

मला सांगता आलं असतं. थेरेसानं तर तोंड उघडलंही होतं, मी तिला चिमटा काढला. तिचा हंडा उचलून यांच्या पुढ्यात ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. यांनी कोट काढला, टोपी मॉरिसच्या टेबलावर ठेवली. शेठला विहिरीचा कोपरा सोडून कागद करावा लागला आणि तो होईपर्यंत हे रहाट ओढत होते. भिंतीवरून नाही, उंबऱ्यातून आणलं. सकाळच्या स्वयंपाकाचं, पिण्याचं, भांड्यांचं, धुण्याचं, दुपारचं, संध्याकाळचं. मॉरिस अधूनमधून सांगत होता, दोर असा धरा, तसा धरा. यांनी ऐकून घेतलं.

दिवेलागणीला शेवटचा हंडा उतरवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. हात वर होत नव्हते. मला म्हणाले, "आकडा कुठंतरी लिहून ठेव गं, उद्या विसरायला होईल."

मी म्हटलं, "मला पाठ आहे."

तुझी,
सुमती